तुटलेली धोंडशीर

इ. स. १७६७ मधील गोष्ट. लंडन शहरात जॉन हंटर नावाचा एक शस्त्रवैद्य नाचत असता एकाएकी जायबंदी झाला. वय चाळिशीच्या उंबरठ्याशी आलेले, पायांचे स्नायू थकलेले. अशात नेहमीपेक्षा अधिक जोर पडला आणि टाचेच्या वरची जाड शीर तुटली. मृतदेहांचे विच्छेदन करण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली होती, त्याच्यावर आता स्वतःच्या पायाकडे रोगी या नात्याने पाहण्याची पाळी आली. अशी इजा झालेला तो काही पहिला मनुष्य नव्हे. परंतु त्या दुखण्याला त्याने जो प्रश्न विचारला, तो त्यापूर्वी इतक्या नेटाने कोणी विचारलेला नव्हता. कातडी शाबूत राहून आतली शीर तुटली, तर सुईदोरा न लावता ती सांधते काय, आणि सांधत असल्यास कशी?

हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. टाचेची शीर तुटलेल्या मनुष्यापुढे वैद्य आजही दोन वाटा ठेवतात. एक शस्त्रक्रियेची, दुसरी पाय विशिष्ट रीतीने बांधून, महिनोन्महिने धीर धरून बरे होण्याची. ही दुसरी वाट कशी सापडली, मध्यंतरी कशी मोडली आणि पुन्हा कशी वहिवाटीस आली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रथम ही शीर म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. पोटरीतील दोन मोठे स्नायू खाली उतरता उतरता निमुळते होत जातात आणि एका बळकट दोरात मिळतात. तो दोर टाचेच्या हाडाला जाऊन चिकटतो. शास्त्रीय भाषेत अशा दोराला कंडरा म्हणतात. मराठीत या विशिष्ट कंडरेला धोंडशीर असे नाव आहे. लांबीने सुमारे १५ सेंटिमीटर असलेली ही कंडरा मानवी शरीरातील सर्वांत जाड व सर्वांत बळकट होय. जिन्याची पायरी चढावी, चवड्यांवर उभे राहून फडताळातला डबा काढावा, किंवा पावसाची सर आली म्हणून चार पावले धावावे, या प्रत्येक क्रियेत देहाचा भार ती उचलते. तथापि टाचेच्या वर २ ते ६ सेंटिमीटरांच्या टापूत तिला रक्ताचा पुरवठा तोकडा असतो, आणि बहुधा तेथेच ती तुटते. तुटते वेळी खटकन् आवाज होतो. रोगी दचकून मागे वळून पाहतो, कारण कोणीतरी पाठीमागून लाथ मारली असाच त्याला भास होतो. मागे मात्र कोणीच नसते.

मराठीत ‘शीर’ हा एकच शब्द रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कंडरा या तिन्ही गोष्टींस लावला जातो. बोलण्यात यामुळे फारसे बिघडत नाही. वैद्यकात मात्र असल्या घोटाळ्याने शतकानुशतके माणसांना भिववून सोडले. प्राचीन ग्रीकांचा ‘न्यूरॉन’ हा शब्दही असाच मोघम होता. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथांत टाचेजवळच्या या भागास इजा झाली असता तीव्र ज्वर, बुद्धिभ्रम आणि अखेर मृत्यू ओढवतो, असा धाक घातलेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या गॅलेनची समजूत अशी की, कंडरेत मज्जातंतूचा अंश असतो आणि तिला सुई टोचल्यास आचके येतात. या समजुतीमुळे तुटलेल्या कंडरेला टाका घालण्यास वैद्यांचा हात धजेना. अकराव्या शतकात इब्न सीना याने टाका घालावा असे सांगितले खरे, परंतु गॅलेनचा दरारा त्यामुळे नाहीसा झाला नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सोळा कंडरा मोजलेल्या असून त्यांपैकी चार पायांच्या म्हणून सांगितल्या आहेत. म्हणजे कंडरेला वेगळे नाव व वेगळी गणना देण्याची दृष्टी येथे पुरातन काळीच होती.

पाश्चात्य वैद्यकात या कंडरेला अकिलीझ या ग्रीक वीराचे नाव मिळाले, त्याचीही कथा आहे. आई थेटिसने त्याला लहानपणी स्टायक्स नदीत बुडवून अभेद्य केले. मात्र जी टाच तिने हाती धरली होती तेवढी कोरडी राहिली, आणि तेथेच बाण लागून त्याचा अंत झाला. ही हकीकत होमरच्या इलियडमध्ये नाही. नदीत बुडविल्याचा उल्लेख आढळतो तो पहिल्या शतकातील स्टेशियस या रोमन कवीच्या काव्यात. व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या पायाला लागला आणि अवतारकार्याची समाप्ती झाली, ही कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ग्रीकांची ही कल्पना परकी वाटणार नाही. या कंडरेला अकिलीझचे नाव लावण्याचे श्रेय बहुधा फिलिप व्हेरहेयन या फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञाला देतात. त्याचा शरीररचनेवरील ग्रंथ १६९३ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, धर्मशास्त्राचा विद्यार्थी असताना या व्हेरहेयनचा एक पाय कापावा लागला होता, आणि त्यानंतरच तो वैद्यकाकडे वळला.

न कापता शीर बरी करण्याचे प्रयत्न हंटरच्या आधीच सुरू झाले होते. फ्रान्सचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य आंब्रोझ पारे याने सोळाव्या शतकात कातडी न फाटता शीर तुटल्याचे वर्णन केले आणि पट्ट्या बांधून उपचार सांगितला. पुढे १७२२ च्या सुमारास झाँ लुई पेती याच्यापुढे एक कसरतपटू आला. उंच उडी मारताना त्याच्या दोन्ही पायांच्या शिरा एकदमच तुटल्या होत्या. पेतीने अशा रोग्यांसाठी एक सपाता तयार केली. तिच्या टाचेपासून एक पट्टा निघून गुडघ्यावरच्या बंधाला जोडलेला असे. पट्टा आवळला की टाच वर ओढली जाई, चवडा खाली झुके, आणि तुटलेल्या शिरेची दोन्ही टोके एकमेकींजवळ येत. एडिंबरो येथील शरीरशास्त्राचा अध्यापक अलेक्झांडर मन्रो याची तर स्वतःचीच शीर तुटली. त्यानेही अशाच धर्तीचे बंधन आपल्या पायाकरिता बनविले आणि पुढे दीर्घकाळ उंच टाचेचा जोडा वापरला. ही युक्ती अगदी साधी होती. तुटलेल्या दोराची टोके जवळ आणा व ती तशीच राहू द्या. बाकीचे काम निसर्गावर सोपवा. आज तुटलेल्या शिरेवर शस्त्राविना जे उपचार होतात, त्यांचा पाया हाच आहे.

परंतु निसर्ग हे काम करतो कसे, ते पेतीला अथवा मन्रोला ठाऊक नव्हते. ते शोधून काढण्याचा ध्यास हंटरने घेतला. त्याने मोतीबिंदू पाडण्याची बारीक सुई घेतली, कुत्र्यांच्या पायांत ती शिरेपासून काही अंतरावर कातडीतून आत घातली, आणि आतल्या आत शीर कापली. बाहेर केवळ सुईचे भोक राही. तेही लवकरच भरून येई. मग निरनिराळ्या मुदतींनी ती जनावरे मारून त्याने आतला बदल पाहिला. या मुक्या प्राण्यांनी दिलेले मोल विसरून चालणार नाही. त्या प्रयोगांतून निघालेला निष्कर्ष मात्र फार मोलाचा ठरला. कातडी न फाटता मोडलेले हाड ज्या क्रमाने सांधते, त्याच क्रमाने शीरही सांधते, असे हंटरला दिसून आले. दोन टोकांमधील पोकळीत प्रथम रक्त साचते, त्यात नवे तंतू उत्पन्न होतात, आणि ते हळूहळू घट्ट होऊन नवी शीर बनते. उघडी जखम पिकते, चिघळते; झाकलेली जखम निमूटपणे भरून येते. हंटरला हा भेद स्वच्छ दिसला.

एकोणिसाव्या शतकात या ज्ञानाचा उपयोग अशा ठिकाणी झाला की, जेथे तो होईल असे कोणाच्या स्वप्नीही नसावे. काही मुले जन्मतःच वाकडे पाऊल घेऊन येतात. त्यांची टाच वर ओढलेली राहते, कारण ही शीर आखूड असते. फ्रान्समधील माँपेलिए येथे देल्पेश याने १८१६ मध्ये अशा पायाची शीर कापून पाहिली. परंतु जखम चिघळली आणि त्याने तो नाद सोडला. पुढे १८३१ मध्ये हॅनोव्हर येथे श्ट्रोमायर याने अगदी बारीक छिद्रातून, कातडीखालीच शीर कापण्याची पद्धत यशस्वी केली. त्याची कीर्ती ऐकून विल्यम लिट्ल नावाचा तरुण इंग्रज डॉक्टर १८३६ मध्ये त्याच्याकडे गेला. लिट्लचे पाऊल लहानपणीच्या आजाराने वाकडे झालेले होते. श्ट्रोमायरने त्याची शीर कापली. ती योग्य लांबीने पुन्हा सांधली, आणि लिट्ल टाच टेकून चालू लागला. इंग्लंडला परत गेल्यावर त्याने हीच विद्या लंडनमध्ये रुजविली आणि तेथे अस्थिव्यंगांच्या उपचारांसाठी संस्था उभी केली. एका मनुष्याची शीर नाचताना तुटली. तीतून मिळालेल्या ज्ञानाने सत्तर वर्षांनंतर दुसऱ्याचा पाय सरळ झाला.

इतका पुरावा हाती असताना पुढे झोका उलट दिशेला का गेला, याचे कारण शस्त्रविद्येच्या यशातच आहे. १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली. तोपर्यंत शरीर उघडणे म्हणजे पुवाला आमंत्रण देणे होते. आता ती भीती ओसरली. जे डोळ्यांना दिसते आणि हातांनी जोडता येते, ते अंधारात निसर्गावर का सोपवावे, असा विचार शस्त्रवैद्यांच्या मनात बळावला. तुटलेल्या दोराला गाठ मारावी, इतकी ही गोष्ट त्यांना उघड वाटली. फ्रान्समध्ये केन्यू व स्टोयानोविच यांनी १९२९ मध्ये ही शीर तुटताच विनाविलंब शस्त्रक्रिया करावी असा निर्वाळा दिला. खेळाडू व तरुण यांच्या बाबतीत तर हाच मार्ग रूढ झाला.

दुसऱ्या बाजूला न कापता उपचार करणाऱ्यांच्या हाती एक नवे साधन आले होते. डच सैन्यातील शस्त्रवैद्य माथाइसेन याने १८५२ मध्ये प्लास्टरची पट्टी प्रसिद्धीस आणली. पेतीच्या सपातेची जागा या पट्टीने घेतली. मात्र प्लास्टर पाय धरून ठेवते, ते सर्वस्वी धरून ठेवते. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन टॉमस सक्तीच्या, अखंड व दीर्घ विश्रांतीचा कट्टर पुरस्कर्ता होता. त्याच काळात पॅरिसचा ल्यूका शाँपियोनिएर मोडलेल्या अवयवालाही वेळीच हालचाल हवी असे सांगत होता. प्लास्टरच्या काळात टॉमसच्या मताची सरशी झाली. कित्येक आठवडे कोंडून ठेवलेला पाय बाहेर निघे तेव्हा पोटरी वाळलेली, घोटा आखडलेला आणि शीर पुरेशी बळकट झालेली नसे. रोगी चालू लागला की एखादे दिवशी ती पुन्हा तुटे.

एकाचा अनुभव विरुद्ध दुसऱ्याचा अनुभव, असा हा वाद आकडेवारीवाचून मिटणारा नव्हता. तो न्यायासनापुढे नेण्याचे काम प्रथम उत्तरेकडील देशांनी केले. स्वीडनमध्ये लार्स निस्टोर याने १०५ रोग्यांना चिठ्ठीच्या न्यायाने दोन गटांत वाटले आणि १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेले व न झालेले यांच्यांतील अंतर त्याला अल्पच आढळले. परंतु त्याच देशात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११२ रोग्यांच्या चाचणीने उलट साक्ष दिली. त्यांत शस्त्रक्रियेवाचून बरे होऊ पाहणाऱ्यांपैकी शेकडा २०.८ लोकांची शीर पुन्हा तुटली. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण अवघे १.७ होते. येथे वाद संपला असे अनेकांस वाटले. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी होती. शस्त्रक्रिया झालेल्यांना लवकर हालचाल करू दिली होती. इतरांचे पाय मात्र आठ आठवडे प्लास्टरमध्ये होते. मग दोष कशाचा? टाका न घातल्याचा, की हालू न दिल्याचा?

कॅनडातील संशोधकांनी २०१० मध्ये नेमक्या याच शंकेवर प्रकाश टाकला. त्यांनी १४४ रोगी घेतले, निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांवर केली नाही. परंतु पुढील व्यायाम, चालणे, भार टाकणे हे सर्व दोघांनाही एकाच वेळापत्रकाने दिले. शस्त्रक्रियेच्या गटात दोघांची शीर पुन्हा तुटली, दुसऱ्या गटात तिघांची. मोठा म्हणून जो फरक सांगितला जात होता तो येथे जवळजवळ नाहीसा झाला. मात्र हालचालीचा कैवार घेणाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये, अशी साक्ष २०२० मध्ये ब्रिटनमधून आली. तेथे शस्त्रक्रिया न झालेल्या ५४० रोग्यांपैकी काहींना प्लास्टर व काहींना चालता येईल असा आधाराचा बूट दिला होता. नऊ महिन्यांनी पाहता दोन्ही गट सारखेच निघाले. बुटाने अधिक लाभ झाला नाही. पण अपायही झाला नाही, आणि रोगी पहिल्यापासून पायावर भार टाकू शकले.

सर्वांत मोठा तौलनिक पुरावा २०२२ मध्ये नॉर्वेतून आला. तेथील ५२६ रोग्यांच्या अभ्यासात वर्षअखेर पायाची एकंदर कार्यक्षमता शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या रोग्यांत सारखीच आढळली. शीर पुन्हा तुटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेवाचून शेकडा ६.२ होते आणि शस्त्रक्रियेनंतर ०.६. उलट मज्जातंतूला इजा होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेवाचून ०.६, मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेत २.८ आणि लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत ५.२ भरले. म्हणजे न्यायासनाने कोणत्याच पक्षाला निखळ विजय दिला नाही. दोन्ही मार्गांनी मनुष्य चालता होतो. प्रत्येक मार्गाची पट्टी मात्र वेगळी भरावी लागते. कोणती भरायची, हे रोग्याने आपले वय, उद्योग, प्रकृती व स्वभाव पाहून वैद्याच्या सल्ल्याने ठरवावयाचे असते.

शस्त्राविना बरे होण्याची आजची रीत पाहिली तर तीत जुन्यांचे सर्व शहाणपण एकवटलेले दिसते. आरंभी चवडा खाली झुकवून पाय बांधतात. ही पेतीची सपाता. मग टाचेखाली पाचरी घातलेला बूट देतात आणि दर काही आठवड्यांनी एकेक पाचर काढून टाच हळूहळू जमिनीवर आणतात. हा मन्रोचा उंच टाचेचा जोडा. बुटातच रोगी चालू लागतो आणि ठरावीक मर्यादेत घोटा हलवू लागतो. ही शाँपियोनिएरची शिकवण. त्या मर्यादेपलीकडे मात्र पाय जाऊ द्यायचा नाही, विशेषतः चवडा वर उचलून शीर ताणायची नाही. हे टॉमसच्या सक्तीचे उरलेले सार. आठ-दहा आठवड्यांनी बूट सुटला तरी काम संपत नाही. पहिले तीन-चार महिने शीर पुन्हा तुटण्याचा धोका अधिक असतो. एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे पुष्कळांना कित्येक महिने साधत नाही, आणि शिरेतील नव्या तंतूंची घडण वर्षाहून अधिक काळ चालू राहते.

या मार्गाला दोन अटी आहेत. पहिली, उपचार लवकर सुरू झाला पाहिजे. शीर तुटली तरी पायाची बोटे हलतात, लंगडत चालताही येते. म्हणून ‘मुरगळला असेल’ असे म्हणून कित्येक जण तेल चोळीत बसतात आणि टोके दूर राहूनच वेळ निघून जातो. वस्तुतः परीक्षा सोपी आहे. रोग्याला पालथे निजवून पावले खाटेबाहेर ठेवावीत आणि पोटरी दाबावी. शीर शाबूत असेल तर पाऊल हालते. तुटली असेल तर स्तब्ध राहते. सिमंड्स याने १९५७ मध्ये आणि टॉम्प्सन याने १९६२ मध्ये ही परीक्षा प्रसिद्ध केली. जुनी, दुर्लक्षित इजा असेल तर बहुधा शस्त्रक्रियेचाच आश्रय करावा लागतो. दुसरी अट म्हणजे देखरेख. बांधलेल्या पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर घटकाभराचाही विलंब न करता डॉक्टरकडे गेले पाहिजे. निसर्गावर सोपविणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे.

हंटरच्या शोधाची सर्वांत हृद्य साक्ष मात्र मोठ्या माणसांच्या पायांत नसून तान्ह्या मुलांच्या पायांत आहे. स्पेनमधून यादवी युद्धानंतर परागंदा होऊन अमेरिकेत आयोवा येथे स्थायिक झालेला इग्नासिओ पोन्सेटी याने वाकड्या पावलांसाठी एक सौम्य पद्धत बसविली. दर आठवड्यास पाऊल हाताने थोडे थोडे वळवून प्लास्टर घालायचे आणि अखेरीस, बहुतेक मुलांच्या बाबतीत, कातडीतील बारीकशा छिद्रातून ही शीर कापायची. नंतर सुमारे तीन आठवडे प्लास्टर. शिरेला टाका घालीत नाहीत. प्लास्टर उघडते तेव्हा शीर पुन्हा सांधलेली असते, आणि पूर्वीपेक्षा लांब असते. आज ही पद्धत भारतात, महाराष्ट्रातील रुग्णालयांतही, रूढ आहे. जी शीर तुटली म्हणजे मृत्यू अटळ, असे प्राचीनांस वाटे, तीच शीर येथे डॉक्टर समजून उमजून तोडतो आणि बाळाची आई ती जुळण्याची वाट पाहते. पुढे वर्षभराने तेच मूल टाच टेकून पहिले पाऊल टाकते.

तुटलेली शीर जोडण्याचे सामर्थ्य शरीरातच होते. ते कोणी निर्माण केले नाही. टोके जवळ आणणे, योग्य काळ स्थिर ठेवणे, योग्य काळी हलविणे आणि मधल्या दिवसांत धीर न सोडणे, एवढेच मनुष्याच्या हाती होते. एवढे शिकण्यास त्याला अडीचशे वर्षे लागली.